प्रतिसरकारानंतरची लोकशाही : सातारा-सांगलीचा धडा

युद्ध थांबले की काही महिन्यांत निवडणूक घेता येते. लोकशाही रुजायला मात्र एक पिढी जाते. शस्त्र घेऊन लढलेली माणसे, त्यांना रानात भाकरी पोचवणारी माणसे, त्यांची खबर पोलिसांना देणारी माणसे आणि या धामधुमीत घरदार गमावलेली माणसे अखेर त्याच गावात, त्याच चावडीसमोर राहणार असतात. त्या सगळ्यांनी एकच कायदा मानायचा, हरलो तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचे आणि जिंकलो तरी हरलेल्याच्या अंगावर जायचे नाही, ही सवय कोणत्याही तहनाम्याने लागत नाही.

जगाचा अनुभव हेच सांगतो. बोस्नियात १९९२ ते १९९५ अशी यादवी झाली, डेटनचा करार झाला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये मतदानही झाले. जखमा ओल्या असतानाच झालेल्या त्या मतदानात लोकांनी आपापल्या जमातीच्या पक्षांना कौल दिला. राष्ट्राध्यक्षपदही बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट अशा तिघांत वाटले गेले आणि दुही राज्यव्यवस्थेतच पक्की झाली. इराकमध्ये २००३ साली जुने सैन्य एका आदेशाने बरखास्त झाले. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे बेकार झाली आणि पुढच्या बंडाळीला मनुष्यबळ मिळाले. नेपाळने वेगळी वाट धरली. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे लढलेले माओवादी २००८ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत उतरले, सर्वांत मोठा पक्ष ठरले, पुढे सत्तेबाहेरही गेले. देशाची राज्यघटना मात्र २०१५ पर्यंत लांबली.

या अनुभवांतून पाच प्रश्न उभे राहतात. लढणाऱ्यांनी शस्त्र खाली ठेवल्यावर त्यांना कोणती जागा द्यायची? संघर्षाच्या काळातील शिक्षा, खून आणि जाळपोळ यांचा न्याय कोणी करायचा? वेगवेगळ्या राजवटींखाली वाढलेला मुलूख एका कारभाराखाली कसा आणायचा? ज्या जमिनीवरून आणि जातीवरून तेढ पडली, तिचे काय करायचे? आणि मतांच्या जोरावर आलेली सत्ता एकाच गटाच्या हाती कायमची राहू नये, याची काळजी कशी घ्यायची?

महाराष्ट्रात हे पाचही प्रश्न एकाच वेळी ज्या मुलखाला सोडवावे लागले, तो म्हणजे आजचे सातारा आणि सांगली जिल्हे. येथे दोन देशांचे युद्ध झाले नाही की पूर्ण यादवीही झाली नाही. पण १९४२ ते १९४८ या सहा वर्षांत या भागाने गोळीबार, भूमिगत सैन्य, समांतर सरकार, राजवटीचा अस्त आणि जातीय वणवा एवढे सगळे पाहिले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत तेथे निवडणुकीची लोकशाही उभी राहिली. ती कशी उभी राहिली आणि कोठे अपुरी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

दुभंगलेला मुलूख

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि कृष्णाकाठचा मोठा भाग थेट इंग्रजी अमलाखाली गेला. त्याच्या अंगाला लागून संस्थाने होती. सांगली, मिरज, कुरुंदवाड आणि जमखंडी ही पटवर्धनांची, औंध पंतप्रतिनिधींचे, फलटण नाईक-निंबाळकरांचे, जत डफळ्यांचे. संस्थानांची गावे सलग नव्हती. कुंडल औंध संस्थानात, तर शेजारची गावे इंग्रजी तासगाव तालुक्यात. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात पाऊल टाकले की कायदा, पोलीस आणि कचेरी बदलत असे.

दुसरा दुभंग समाजातला होता. जमीन कसणारा बहुतेक मराठा, माळी, धनगर समाजातला. सावकारी आणि कुलकर्णी वतन बऱ्याच ठिकाणी ब्राह्मण घराण्यांकडे, काही ठिकाणी गुजर-मारवाड्यांकडे. महारांना वतनाच्या नावाखाली सरकारची आणि गावाची राबणूक करावी लागे. रामोशी, मांग, बेरड समाजांतील कित्येकांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी लावावी लागे. सत्यशोधक चळवळीने या रचनेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हादरे दिले. १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांविरुद्ध मोठा उठाव केला. सत्यशोधक जलशांनी तो गावोगाव नेला. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे लोकशाहीसाठी जे शिकलेले ग्रामीण कार्यकर्ते लागले, त्यांची घडण अशा संस्थांच्या वसतिगृहांत झाली.

औंधचे स्वराज्य

या मुलखात लोकशाहीचा पहिला मोठा प्रयोग लढाईच्या आधीच झाला, आणि तोही एका राजाने केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र अप्पा पंत आणि भारतात स्थायिक झालेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली.

बहात्तर गावांच्या या छोट्या संस्थानात रचना खालून वर बांधलेली होती. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि त्यावर राज्याचे विधिमंडळ. न्यायदानही शक्यतो गावात, पंचांसमोर व्हावे असा आग्रह होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तेथे भिंती नव्हत्या. कैद्यांनी कुटुंबासह राहायचे आणि शेती करायची. ही वसाहत आजही चालू आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तिचीच कल्पना होती.

औंधचा प्रयोग जेमतेम नऊ वर्षे टिकला, पण त्याने दोन गोष्टी केल्या. सामान्य शेतकरी पंचायत चालवू शकतो, हे सिद्ध झाले. आणि इंग्रजी हद्दीत धरपकड सुरू झाली तेव्हा औंधच्या हद्दीतली कुंडलसारखी गावे भूमिगतांचा आसरा बनली.

मोर्चातून समांतर सरकारकडे

८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ची हाक आली. तिच्यापाठोपाठ सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. कऱ्हाड आणि तासगाव येथील मोर्चे शांततेत पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. निःशस्त्र मोर्चाचा मार्ग बंद झाला, असे तरुण कार्यकर्त्यांना वाटू लागले आणि ते भूमिगत झाले.

१९४३ मध्ये या भूमिगतांनी प्रतिसरकार उभे केले. लोकांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’ झाले. क्रांतिसिंह नाना पाटील हा त्याचा चेहरा. एकेकाळी तलाठी असलेले नाना पाटील गावरान भाषेत बोलत आणि हजारोंची सभा खिळवून ठेवत. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड, पांडू मास्तर अशी कर्ती माणसे वेगवेगळ्या गटांत काम करत होती. तुफान सेना हे त्यांचे लढाऊ दल. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची रक्कम लुटली गेली. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटण्यात आला. सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह तटावरून उडी मारून निसटले. पाठलागात दोघे सहकारी मारले गेले आणि दादांच्या खांद्याला गोळी लागली.

लढाऊ कारवायांपेक्षाही या सरकारचा पाया त्याच्या कारभारात होता. गावात पंच नेमले जात. तक्रारदार आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघांना रात्री ठरलेल्या वस्तीवर बोलावले जाई. बांधाचे भांडण, सावकाराने लाटलेली जमीन, टाकलेली बायको, चोरी, दारूची भट्टी, असे खटले तेथे उभे राहत. दोन्ही बाजू तोंडी सांगायच्या, गावकरी साक्ष द्यायचे, निकाल बहुधा त्याच बैठकीत लागायचा. वकील नव्हता, मुद्रांक नव्हता, तालुक्याच्या खेपा नव्हत्या. कर्ज काढून लग्न करण्याची रीत मोडण्यासाठी थोडक्या खर्चात ‘गांधी विवाह’ लावले गेले. दरोडेखोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्त झाला. इंदुताई पाटणकर, नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांच्यासारख्या स्त्रिया निरोप, शस्त्रे आणि माणसे पोचवण्याचे जोखमीचे काम करत होत्या.

या न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर मार देण्याची शिक्षा होती. काही खबरे मारले गेले. आरोप करणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा करणारा एकच गट असे. अपिलाला जागा नव्हती. युद्धकाळात अशा न्यायाला लोकांचा पाठिंबा मिळतो, कारण त्या वेळी दुसरा न्याय हाताशी नसतो. लोकशाहीत मात्र तोच न्याय चालत नाही. ज्यांनी स्वतः निवाडे दिले, त्यांनीच पुढे न्यायालयाचा निवाडा मानायचा होता.

लढणाऱ्यांचे पुढे काय?

१९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्यास सांगितले. साताऱ्याच्या बहुतेक कार्यकर्त्यांनी ते मानले नाही. त्यांचा लढा चालूच राहिला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले, भूमिगतांवरील वॉरंटे उठली आणि नाना पाटील उजळ माथ्याने लोकांसमोर आले. हा क्षण फार नाजूक होता. शेकडो तरुणांकडे शस्त्रे होती, कीर्ती होती आणि गावांवर हुकमत होती. त्यातच दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक गावोगाव आले होते. सातारा हा सैनिकी परंपरेचा जिल्हा. एकट्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले होते. महागाई, धान्याची लेव्ही आणि रेशन यांनी गांजलेल्या गावांत बेकार सैनिक आणि रिकामे झालेले क्रांतिकारक एकत्र आले होते. येथून टोळीयुद्धाकडे जाणारी वाट सोपी होती.

ती वाट बहुतेकांनी धरली नाही. याचे मोठे कारण असे की, त्यांच्यापुढे राजकारणाचे एकाहून अधिक दरवाजे उघडे होते. यशवंतराव चव्हाण १९४६ मध्ये विधानसभेवर निवडून गेले आणि संसदीय सचिव झाले. वसंतदादा आणि किसन वीर काँग्रेसमध्ये राहून संघटना बांधू लागले. ज्यांना काँग्रेस श्रीमंतांकडे झुकल्यासारखी वाटली, त्यांनी केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) काढला. नाना पाटील त्यात होते. जी. डी. बापूही शेकापचे झाले. नागनाथअण्णांनी आणि बापूंनी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामालाही मदत केली आणि नंतर निवडणुकीचे आणि संस्था उभारणीचे राजकारण केले.

१९५७ ची निवडणूक ही या परिवर्तनाची खरी परीक्षा. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना पाटील कम्युनिस्ट उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. नागनाथअण्णा वाळव्यातून विधानसभेत गेले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांना कऱ्हाडमध्ये थोडक्या मतांनी विजय मिळाला. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी एकाच शत्रूशी झुंज दिली, ते आता एकमेकांविरुद्ध मते मागत होते, आणि निकाल लागल्यावर दोन्ही बाजूंनी तो मानला. ही गोष्ट साधी वाटते, पण युद्धोत्तर समाजात हीच सर्वांत दुर्मीळ असते.

सगळे मात्र शांततेत पार पडले नाही. भूमिगत चळवळीतले कासेगावचे बाबूजी पाटणकर यांचा १९५२ मध्ये खून झाला. जुन्या रागलोभाची आणि नव्या सत्तेची सांगड पडली की लोकशाहीतही माणसे मारली जातात, याची ती खूण होती.

फेब्रुवारी १९४८

या मुलखाच्या कथेतला सर्वांत काळा भाग ३० जानेवारी १९४८ नंतर सुरू होतो. गांधीजींचा खून करणारा नथुराम गोडसे पुण्याचा आणि ब्राह्मण होता, ही बातमी पसरली. पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील शेकडो गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता, ती कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. वाडे, धान्याची कोठारे, पोथ्या, दस्तऐवज जळाले. काही ठिकाणी शेजाऱ्यांनीच ब्राह्मण कुटुंबांना घरात लपवले. काही ठिकाणी शेजारीच जमावात होते.

गांधींच्या खुनाचा संताप हे त्याचे निमित्त होते. खाली अनेक वर्षांचा सावकारीचा, वतनाचा आणि सोवळ्याचा राग साठलेला होता. काहींनी लुटीची संधी साधली, तर काहींनी राजकीय हिशेब चुकते केले. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. माडगूळकर औंध संस्थानातल्या माडगूळचे आणि स्वतः स्वातंत्र्यचळवळीत भूमिगत राहिलेले, त्यामुळे तिला आतून पाहणाऱ्याची नजर आहे.

सरकारने जळीतग्रस्तांना कर्जे दिली, काहींवर खटले झाले. तरी हजारो माणसे पुण्या-मुंबईकडे किंवा जवळच्या शहराकडे निघून गेली ती परतली नाहीत. गावातली जमीन विकली गेली किंवा कुळांकडे गेली. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवटीनंतर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग नेमला. रवांडाने १९९४ च्या नरसंहारानंतर गावपातळीवरची गचाचा न्यायालये भरवली. पीडिताने आपली हकिकत उघडपणे सांगावी आणि करणाऱ्याने ती ऐकावी, अशी जागा सातारा-सांगलीत तयार झाली नाही. गावांनी तो विषय बोलायचा सोडून दिला. जळीत कुटुंबांच्या पुढच्या पिढीने कडवटपणा जपला आणि गावच्या पुढच्या पिढीला तो इतिहास कळलाच नाही.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य होण्याच्या उंबरठ्यावर पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकर यांनी विचारलेला प्रश्न याच पार्श्वभूमीवर समजतो. हे राज्य मराठी लोकांचे असणार की मराठा जातीचे? यशवंतरावांनी हे राज्य मराठी बोलणाऱ्या सर्वांचे असेल, अशी जाहीर ग्वाही दिली. बहुसंख्याकांच्या नेत्याने अल्पसंख्याकांना असा शब्द उघडपणे देणे, हे दुभंगलेल्या समाजात कायद्याइतकेच मोलाचे असते.

एका कारभाराखाली

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे इंग्रजी अमलातले तालुके आणि मिरज, जत यांसारखे संस्थानी भाग मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

नकाशावर हे एका दिवसात झाले. दफ्तरात मात्र वर्षे लागली. प्रत्येक संस्थानाची सारापद्धत वेगळी, इनामांचे हक्क वेगळे, न्यायालये वेगळी, नोकरांचे पगार वेगळे. औंधसारख्या ठिकाणी पंचायतींना मिळालेले अधिकार नव्या एकसारख्या कायद्यात मावले नाहीत. एकीकरणात गावाच्या स्वराज्याचा तो पुढे गेलेला नमुना मागे पडला. एकच कायदा आणण्याच्या घाईत स्थानिक पातळीवर रुजलेली चांगली व्यवस्था मोडते, ही युद्धोत्तर राज्यबांधणीतली नेहमीची हानी आहे.

पेटीसमोरची समानता

१९४६ चे मतदान मर्यादित होते. मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांनाच मत होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत मिळाले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. अक्षर न येणारा माणूसही काँग्रेसची बैलजोडी ओळखू शकत होता. पाटील, कुळ, विधवा, महारवाड्यातला तरुण, या सगळ्यांची मतपत्रिका सारख्याच मोलाची होती.

त्या आधी, नोव्हेंबर १९४९ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि समाजात व अर्थकारणात विषमता असे विसंगत जीवन देशाला जगावे लागेल आणि ही विसंगती मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. ज्या साताऱ्यात बाबासाहेब १९०० साली शाळेत दाखल झाले आणि अस्पृश्यतेचे चटके सोसले, त्या साताऱ्याला हा इशारा नेमका लागू पडत होता.

कायद्याने ही विसंगती काही प्रमाणात कमी केली. १९४८ च्या कुळकायद्याने कुळाला संरक्षण दिले. दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा जमिनीचा मालक होऊ लागला. १९५० मध्ये कुलकर्णी वतने गेली. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. त्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९६२ मध्ये मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद गेले. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. जन्मावरून मिळणारी सत्ता कागदावर तरी संपली.

जमीन मात्र कुळाला मिळाली, मजुराला नाही. भूमिहीन दलित कुळ नव्हता, म्हणून कुळकायद्याचा त्याला लाभ झाला नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचे साहित्य याच माणसांच्या बाजूने उभे राहिले.

सत्ता गावात आली, पण कोणाकडे?

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा या कामांवर निवडून आलेल्यांचा अधिकार आला. सोबतीला सहकार होता. वसंतदादांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. वाळव्यात नागनाथअण्णांनी उभ्या केलेल्या कारखान्याला चळवळीतले हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिले. लढलेल्या माणसांच्या हाती समाज बांधण्याचे काम आले, हे या भागाचे मोठे भाग्य. ज्याला ऊस गाळायचा आहे, कर्ज वाटायचे आहे, शाळा चालवायची आहे, तो बंदुकीकडे सहसा वळत नाही.

विरोधकांना जवळ करण्याच्या यशवंतरावांच्या धोरणाला ‘बेरजेचे राजकारण’ असे नाव पडले. शेकापचे अनेक कार्यकर्ते त्यातून काँग्रेसमध्ये आले. राजकीय वैर निवळले, स्थैर्य आले. पण विरोधी पक्ष दुबळा झाला. कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, शिक्षण संस्था आणि आमदारकी एकाच घराण्यात जमू लागली. कारखान्याचा सभासद असलेला ऊसकरी त्याच नेत्याचा मतदारही असतो. ऊस वेळेवर तुटण्याची काळजी असलेला माणूस सभेत प्रश्न विचारताना दहादा विचार करतो. वतनदारी कायद्याने गेली आणि संस्थांच्या वाटेने तिच्यासारखेच काहीतरी परत आले.

स्त्रियांची वाट आणखी लांब ठरली. प्रतिसरकारात पिस्तुले पोचवणाऱ्या बायकांना स्वातंत्र्यानंतरच्या सत्तास्थानांत फारशी जागा मिळाली नाही. त्यासाठी १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. तिने स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा राखल्या आणि महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्या केल्या.

कृष्णाकाठचा ऊस आणि आटपाडी-जत-माणचा दुष्काळ ही या मुलखाची नवी फाळणी होती. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णांच्या पुढाकाराने पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी पाणी परिषदा भरू लागल्या. सत्तरी ओलांडलेला हा जुना क्रांतिकारक आता दुष्काळी शेतकऱ्यांना घेऊन मोर्चे काढत होता, निवेदने देत होता, सरकारशी वाटाघाटी करत होता. टेंभूसारख्या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी गावांपर्यंत नेण्यामागे या लोकदबावाचाही मोठा वाटा आहे.

काय साधले, काय राहिले

सुरुवातीच्या पाच प्रश्नांची उत्तरे या मुलखाने सारख्याच यशाने दिली नाहीत. लढणाऱ्यांना राजकारणात सामावून घेण्यात तो यशस्वी झाला, कारण त्यांना सत्तेतही जागा मिळाली आणि विरोधातही. वेगवेगळ्या राजवटी एका कारभाराखाली आल्या, पण औंधच्या गावसत्तेची किंमत मोजून. जमिनीचा प्रश्न कुळापर्यंत सुटला आणि मजुरापाशी अडला. सत्तेची मक्तेदारी रोखण्याचे काम अर्धवट राहिले. आणि १९४८ चा न्याय झालाच नाही.

दुभंगलेल्या समाजात लोकशाही उभारायची तर जिंकलेल्यांना संयम, हरलेल्यांना जागा आणि सोसलेल्यांना न्याय, या तिन्ही गोष्टी लागतात. सातारा-सांगलीने पहिल्या दोन दिल्या. तिसरी अजून देणे बाकी आहे. प्रतिसरकारचे स्मारक गावोगाव आहे आणि ते असलेच पाहिजे. त्याच अभिमानाने जळीत कुटुंबांच्या, वतनाखाली राबलेल्यांच्या, नाव न राहिलेल्या स्त्रियांच्या आठवणीही शाळांतून आणि ग्रामसभांतून नोंदल्या गेल्या पाहिजेत. ते दिवस पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवण्याचे काम गावातल्या शिक्षकांनी, वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी आताच हाती घ्यावे.